बिनजोडीची शीर

पौडच्या दवाखान्यात मी सुईण म्हणून रुजू झाले त्या दिवशी डॉक्टरांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. मी आपली पदर सावरून, पुण्याच्या इस्पितळाने दिलेला कागद पुढे धरून उभी. त्यांनी कागद घेतला नाही. कागद धरलेला हात घेतला, पालथा केला, खिडकीच्या उजेडात नेला आणि हाताच्या पाठीवरच्या शिरा बघत राहिले. मी विधवा बाई, बाहेर ओटीवर माणसं बसलेली, आणि हा परका पुरुष माझा हात धरून उभा. हात ओढून घ्यावा की चार शब्द सुनवावे ते मला ठरवता येईना. तेवढ्यात ते म्हणाले, "करंगळीखाली दुहेरी फाटा आहे. छान. आता चुकणार नाही." आणि हात सोडून आत निघून गेले.

चुकणार नाही म्हणजे काय, ते मला पुढे कळलं. डॉक्टरांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत आणि नावं तर मुळीच नाहीत. कचेरीतले कारकून कितीदा भेटून गेले तरी पुन्हा समोर आले की डॉक्टर अगदी सभ्यपणे विचारत, "आपण कुठले?" बिचारे हिरमुसले होत. पण त्याच कारकुनाने औषधाच्या बाटलीसाठी हात पुढे केला की डॉक्टर लगेच म्हणत, "अरे, तुम्ही! पोटशूळ कसा आहे?" गावात त्यांना शिरवाले डाक्टर म्हणत, ते काही उगाच नाही.

दिसायला उंच, किडकिडीत, कमरेत जरा वाकलेले. धोतर स्वच्छ, पण त्यावर जांभळ्या रेघोट्या. जीभही जांभळी. त्यांच्याजवळ एक कॉपिंग पेन्सिल असे, ओली केली की जांभळी उमटणारी, आणि ती ते जिभेवरच ओली करत. बोलता बोलता सुचलं की जे हाती लागेल त्याच्यावर शिरा काढायच्या. टेबलावर, भिंतीच्या चुन्यावर, धोतराच्या सोग्यावर, आणि एकदा मी धुऊन वाळवून घडी घातलेल्या चादरीवर. त्या दिवशी मी त्यांच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. त्यांच्या ते लक्षात आलं नाही, याचा मला जास्त राग आला.

वर मुळशीला तेव्हा धरणाचं काम चालू होतं. रस्त्याने सिमेंटच्या लॉऱ्या धावायच्या आणि त्या पाण्याखाली ज्यांची भातखाचरं जाणार होती ती माणसं त्याच रस्त्याच्या कडेने पायी चाललेली असायची. दोन्हीकडची दुखणी आमच्याच ओटीवर येऊन टेकत. डॉक्टर कुणालाच तू कुठल्या बाजूचा म्हणून विचारत नसत. छातीत मार लागून आलेला धरणावरचा एक मजूर परत गेला तेव्हा त्याच्या छातीवर मानेपासून बेंबीपर्यंत जांभळं जाळं काढलेलं होतं. त्याच्या बायकोने म्हणे ते दोन आठवडे पुसू दिलं नाही. डॉक्टरांनी मंतरून दिलंय असं तिला वाटलं.

जातीने सोवळ्यातले, मटणाला कधी शिवले नाहीत. पण गावदेवीच्या जत्रेला बोकड पडायचे तिथे डॉक्टर सगळ्यांच्या आधी हजर. मुलाण्याला आधीच सांगून ठेवलेलं असायचं की छाती सावकाश उघड, घाई करू नको. मग धोतर खोचून त्याच्याशेजारी उकिडवे बसायचे आणि बोकडाच्या छातीतल्या मोठ्या शिरा बोटाने एकेक उचलून बघायचे. बघून झालं की सगळं जिथल्या तिथे परत करायचे, हात धुवायचे आणि घरी जाऊन पिठलं-भाकरी खायचे. रोज पिठलंच. काय करायचं याचा विचार करण्यात डोकं कशाला शिणवायचं, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या वर्षी लोकांनी करणीबिरणीचा संशय घेतला. नंतर सवय झाली. एका जत्रेत ते तिथल्या धनगरांना दाखवत होते की पाठीच्या कण्याला लागून वर चढणारी एक शीर माणसाला उजवीकडे असते आणि शेळ्यामेंढ्यांना डावीकडे. तेव्हा एका म्हाताऱ्याने विचारलं, "मग बकरं उलटं हाय, का आपुन?" डॉक्टर एवढे खूश झाले की पुढे वर्षभर ते येईल त्याला ही गोष्ट सांगत होते. म्हणायचे, हा प्रश्न मला कॉलेजात एकाही शहाण्याने विचारला नाही.

कॉलेजात म्हणजे मुंबईला. तिथे ते मुलांना मुडद्यांची चिरफाड शिकवत असत. ती नोकरी का सोडली हे त्यांनी मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं, तेही मी खोदून विचारलं म्हणून. परीक्षेला एका विद्यार्थ्यापुढे जो मुडदा आला, त्याच्या उजव्या फुप्फुसाच्या टोकाशी एक जादा पाकळी होती. ती कण्यालगतची शीर आपल्या वाटेने न जाता फुप्फुसातच रुतली होती आणि तिने टोकाचा तुकडा वेगळा केला होता. मुलाने जे दिसलं ते सांगितलं. परीक्षकाने म्हटलं, असं नसतं, आणि त्याला नापास केलं. डॉक्टर भांडले. मुडदा पुढ्यात आहे, बघा तरी, म्हणाले. बघायला कुणी आलं नाही आणि दुसऱ्या दिवशी मुडदाही नव्हता. तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. त्या शिरेचं इंग्रजी नाव मोठं अवघड आहे. डॉक्टर तिला बिनजोडीची शीर म्हणत, कारण दुसऱ्या बाजूला तिच्या तोडीची शीर नसते. आणि हे सांगून झालं की ते आपलं ठरलेलं वाक्य म्हणत, "पुस्तकातला माणूस मला अजून भेटायचाय, बाई."

हे सगळं मी हसत हसत सांगतेय, पण या हट्टी माणसापुढे मी मनातून कायमची वाकले ती चिमामुळे.

चिमा म्हणजे भरे गावाच्या वरच्या अंगाला डोंगरालगत राहणाऱ्या धनगरांची सून. नवरा राघू, सासू, एक जाऊ, शेळ्यामेंढ्या आणि थोडी नाचणीची जमीन. चिमाला पहिलीच मुलगी झालेली, अजून रांगायलाही लागली नव्हती. थंडीत चिमाला ताप आला आणि ताप गेल्यावर खोकला राहिला. डॉक्टरांनी छाती तपासली, त्यांना काही वावगं ऐकू आलं नाही. तरी तान्ही पोर अंगावर पिते म्हणून खात्री असावी, एवढ्यासाठी त्यांनी तिला छातीचा फोटो काढायला पुण्याला धाडलं. तेव्हा तसलं यंत्र नवलाईचं होतं आणि फोटो काचेवर उमटायचा. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी काच पाहिली. उजवीकडे वरती, खांद्याखाली, त्यांना सावली दिसली. त्यांनी राघूला सांगितलं की ही क्षयाची सुरुवात आहे, बाईला वेगळी ठेवा, मूल अंगावर पाजू देऊ नका, आणि ही काच पौडला तुमच्या डॉक्टरांना दाखवा. मी त्यांना दोष देत नाही. सावली होतीच, आणि पोराच्या जिवाचा प्रश्न होता.

पण पौड पडतं पुढे. पुण्याहून येताना आधी पिरंगुट लागतं, आणि राघू तिथेच उतरून आडवाटेने थेट घरी गेला. क्षय हा शब्द कानात घेऊन गेलेला माणूस आमच्याकडे कशाला येतोय? आम्हाला ही बातमी कळली ती बाजारच्या दिवशी, दुसऱ्याच कुणाच्या तोंडून. डॉक्टरांनी हातातली पट्टी तशीच माझ्याकडे दिली आणि टोपी घातली. मी म्हटलं, पट्टी तरी पुरी करा. ती मी पुरी केली आणि त्यांच्या मागोमाग धावले.

मेंढ्या बसवायला जाळीची वाघर लावतात, तिच्याही पलीकडे चिमाला फांद्यांची एक खोपी घालून दिली होती. भाकरी दुरून सरकवायची. पोर जावेकडे, शेळीच्या दुधावर. रोज उन्हं चढली की जाऊ पोरीला घेऊन अंगणाच्या कडेला येई आणि चिमाला ती लांबून दाखवी. आम्ही गेलो तेव्हा नेमकी तीच वेळ होती. पोर जावेच्या केसांशी खेळत होती. चिमा खोपीच्या तोंडाशी बसली होती आणि तिच्या चोळीला दुधाचे ओले डाग पडले होते.

डॉक्टर वाकून खोपीत शिरले. खोकला तोवर थांबलेला होता. छाती पुढून, मागून तपासली, थुंकी घेतली, आणि बाहेर येऊन काच मागितली. सासूने सांगितलं की काच शिवेवर ठेवलीय, म्हसोबापाशी. तिने उतारा काढला होता. दुखणाईताच्या अंगावरून काही ओवाळायचं आणि गावाच्या हद्दीवर नेऊन ठेवायचं, म्हणजे दुखणं तिकडे जातं, ही आमच्याकडची रीत. लोक भात ओवाळतात, लिंबू ओवाळतात. हिने काचच ओवाळली. दुखण्याचं चित्र त्या काचेत उतरलंय असं पुण्याचे डॉक्टर स्वतःच म्हणाले होते, तेव्हा ती काचच शिवेबाहेर काढली की झालं, असा तिचा सरळ हिशेब. आणि उतारा एकदा ठेवला की त्याला हात लावायचा नसतो. जो उचलतो, दुखणं त्याच्या घरी जातं.

मला वाटलं, डॉक्टर आता चिडणार. ते चिडले नाहीत. तिच्यासमोर मातीतच बसले आणि म्हणाले, हे दुखणं नसेलही, शरीराची ठेवणच तशी असेल. त्यावर सासूने त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं.

"मला येवढंच सांगा डाक्टर, जल्माचं हाय का लागल्यालं हाय? लागल्यालं बकरू आमी वाघरीभाईर काढतो. जल्माची खोड आसंल तर न्हाई काढत. कान न्हाई म्हून कोन बकरू भाईर काढत न्हाई."

"तेच शोधतोय, आजी," डॉक्टर म्हणाले. "अगदी तेच."

परतताना ते म्हणाले की अख्ख्या वैद्यकाचा प्रश्न ही म्हातारी एका वाक्यात विचारून गेली. मी म्हटलं, प्रश्न तिचा झाला, आता उत्तराचं काय? ते म्हणाले, उत्तर म्हसोबाकडे आहे.

बाजाराचा दिवस, रस्त्याला माणसं. म्हसोबाचा शेंदूर फासलेला धोंडा रस्त्यालगतच आहे. भात पाखरांनी खाल्लेला, लिंबू तसंच, आणि कागदाच्या पाकिटात काच. पाकिटाच्या फाटक्या कोपऱ्यातून काचेलाही कुंकू लागलेलं. लोक थांबले. कुणीतरी म्हणालं, डाक्टर, हात लावू नगा. राघू आमच्यामागून आला होता, तो हात जोडून उभा राहिला. डॉक्टरांनी टोपी काढून म्हसोबाला नमस्कार केला आणि काच उचलली. मग जरा विचार करून लिंबूही उचललं. लिंबू चांगलं होतं, पिठल्याबरोबर होईल, म्हणाले. ते लिंबू मी शेवटपर्यंत चिरून दिलं नाही, त्यांनी स्वतःच चिरलं.

तिथेच त्यांनी काच पाकिटातून काढून उन्हाकडे धरली. ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली. मग म्हसोबासमोर, एवढ्या माणसांदेखत मोठ्याने हसले. मी त्यांना तसं हसताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"बाई, ही तीच. मुंबईत हरवलेली."

त्यांनी मला बोटाने दाखवलं. उजव्या फुप्फुसाच्या टोकापासून एक बारीक रेघ बाहेरच्या अंगाला वळण घेत खाली उतरत होती आणि खाली जाऊन थेंबासारखी फुगीर झाली होती. तो थेंब म्हणजे ती शीर. पोर पोटात असताना ही शीर फुप्फुसाच्या टोकावरून घसरून कण्याकडे जायची असते. एखाद्यात ती घसरतच नाही, वाढणाऱ्या फुप्फुसात रुतून बसते. कणकेच्या गोळ्यात दोरा दाबला की जशी घडी पडते तशी फुप्फुसाला घडी पडते, आणि त्या घडीचीच ती रेघ. त्याने माणसाचं काही बिघडत नाही, म्हातारा होऊन मरतो तरी त्याला पत्ता नसतो. थुंकीतही काही निघालं नाही. डॉक्टरांनी आपल्या सूक्ष्मदर्शकाखाली ती पुन्हा पुन्हा पाहिली.

काच धोतरात गुंडाळून, सिमेंट उतरवून रिकाम्या परतणाऱ्या लॉरीत बसून ते पुण्याला गेले. तिथल्या डॉक्टरांनी सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाले, तुम्ही म्हणता तसं असेलही, पण मी अशी शीर फोटोत कधी पाहिलेली नाही आणि एका तान्ह्या जिवाची जबाबदारी मी अंदाजावर घेणार नाही. पावसाळा जाऊ द्या, दुसरा फोटो काढू. रोग असेल तर रेघ बदलेल, पसरेल. शीर असेल तर आहे तिथेच राहील. डॉक्टर परत आले आणि मला म्हणाले की माणूस बरोबर बोलला, मीही हेच म्हटलं असतं. मला ते काही पटलं नाही. पुण्याने सांगितलेलं पुण्यानेच खोडावं म्हणून म्हातारी अडून बसलेली आणि पुण्याला पावसाळा जायला हवा, तोवर त्या बाईने काय करायचं?

मी तर म्हटलं, कचेरीत अर्ज करा. शिपाई जाऊन पोर आईच्या मांडीवर ठेवील. डॉक्टर पेन्सिल ओली करता करता थांबले. "शिपाई पोर आणून देईल, बाई. पण चिमाला त्या घरात परत कोण घेईल? मला ती घरात हवी आहे." त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

पण त्यांनी ते नुसतं बोलून सोडलं नाही. दर बाजाराच्या दिवशी, दवाखाना आटोपला की भऱ्याच्या वाटेला लागायचे. भर पावसात इरलं घेऊन जायचे. खोपीत बसून छाती ऐकायची आणि मग सगळ्यांदेखत चिमाच्या हातचं, तिच्याच भांड्यातलं दूध प्यायचं. तिला दूध येत राहावं म्हणून काय करायचं ते मी तिला शिकवलं होतं आणि ती ते करत होती. पोरीच्या वाटचं दूध ती मातीत पिळून टाकायची. एकदा मला म्हणाली, "बाई, मी बरी हाय ह्ये मला ठावं हाय. माज्याच छातीत हाय न्हवं. पर माजं कोन ऐकतंय?" डॉक्टर म्हणाले, मी ऐकतोय, दर आठवड्याला ऐकतोय. ती हसली. त्या पावसाळ्यात ती हसलेली मला तेवढीच आठवते.

इकडे आमचा दवाखाना ओस पडला. उतारा उचलल्याचं पंचक्रोशीत कळलं होतं. त्यात डॉक्टरांना पावसाने पडसं झालं, ते खोकायला लागले. आणि जीभ तर जांभळी होतीच! इतकी वर्षं ती जांभळी आहे हे गाव बघत होतं, पण आता लोकांना तो पुरावा वाटायला लागला. ओटीवर कावळे बसू लागले. मी त्यांना हात जोडून सांगितलं की निदान ती पेन्सिल तरी सोडा. त्यांनी सोडली नाही. म्हणाले, चिमाची खोपी सुटेल तेव्हा माझीही सुटेल.

पाऊस सरला, भातं कापून झाली, तेव्हा दुसरा फोटो निघाला. चिमा, राघू, डॉक्टर आणि मी, असे आम्ही लॉरीतून गेलो. पुण्याच्या डॉक्टरांनी दोन्ही काचा शेजारी शेजारी धरल्या, मग एकीवर एक ठेवल्या आणि आमच्या डॉक्टरांकडे वळून म्हणाले, "जन्मजात. घरी न्या यांना." दुसरी काच इस्पितळाची होती, पण त्यांनी ती परत करायच्या बोलीवर आम्हाला नेऊ दिली.

आम्ही वर पोचलो तेव्हा सासू वाघर आवरत होती. डॉक्टरांनी काही समजावून सांगितलं नाही. दोन्ही काचा एकीवर एक ठेवून तिच्या हातात दिल्या आणि सूर्याकडे धरायला लावल्या. ही थंडीतली, ही आत्ताची, एवढंच म्हणाले. म्हातारीने आधी डोळे मिचकावले, मग एक डोळा मिटून नीट पाहिलं. वरची काच थोडी सरकवली, रेघा दोन झाल्या. पुन्हा जागेवर आणली, एक झाली. जनावराच्या पायातला काटा बघावा तशी ती बघत होती. तिच्या खांद्यावरून राघूही बघत होता. चिमा तर लांब, खोपीजवळ, नेहमीच्या जागी जाऊन बसली होती.

"हलली न्हाई," म्हातारी म्हणाली. "रोग बसून ऱ्हात न्हाई. जल्माचं हाय." आणि जावेला हाक मारून म्हणाली, "पोर दे तिची तिला."

पोर आता चालायला लागली होती. जावेने तिला चिमाजवळ नेऊन सोडलं तर ती रडत उलट फिरली. तिला ही बाई लांबून बघायची माहीत होती, जवळून नाही. चिमाने तिला ओढलं नाही. ती तिच्याकडे पाठ करून बसली आणि हळूच आपला अंबाडा सोडला. पोरगी थांबली. मग दोन पावलं आली, केसांना हात घातला आणि ओढून बघितलं. चिमा तशीच, पाठमोरीच रडत होती. मी दुसरीकडे तोंड केलं. डॉक्टर कुठे बघत होते ते मला सांगता येणार नाही, पण पेन्सिल त्यांच्या हातातून खाली पडली होती ती मीच उचलली.

आता काचेचं. दुसरी काच कबूल केल्याप्रमाणे पुण्याला परत गेली. पहिली, कुंकवाची, डॉक्टरांकडे होती. ती मुंबईला घेऊन जायची त्यांनी तयारी चालवली होती. ज्या कॉलेजात असं नसतं म्हणून सांगितलं गेलं, तिथल्याच टेबलावर ती काच ठेवायची. एवढी वर्षं त्यांनी मनात हे एवढंच धरलं होतं. नवं धोतर काढलं होतं, पेटी भरली होती, काचेला मऊ फडकं मी शिवून दिलं होतं. आणि बाजाराच्या दिवशी पोरीला कडेवर घेऊन चिमा आली. ओटी तेव्हाही जवळजवळ रिकामीच होती. ती उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, काच न्यायला आलेय.

मीच पुढे होऊन तिला समजावलं की ही काच डॉक्टर शिकलेल्या माणसांना दाखवणार आहेत, ती किती मोलाची आहे, आणि तुझं तर काम झालं. तिने मला मध्ये तोडलं नाही, पण डॉक्टरांकडेच बघत बोलली.

"उद्या मला पुन्यांदा ताप यील. दुसरा कोन डाक्टर आसंल. त्यो पुन्यांदा फोटू काडंल आन् पोर काडून घ्या म्हनंल. तवा तुमी कुटं आसाल? ही माजी हाय. जल्मापासनं माज्यात हाय."

डॉक्टर आत गेले, पेटी उघडली आणि काच फडक्यासकट आणून तिच्या हातात दिली. चिमा लगेच गेली नाही. पोरीला मांडीवर घेऊन ती आमच्या ओटीवर भर बाजाराच्या गर्दीत बसली, काच छातीशी उभी धरली आणि जो कुणी थांबेल त्याला दाखवत राहिली, की ही बघा माझी शीर, आणि ही बघा माझी पोर. दुपारपर्यंत तिच्याभोवती घोळका जमला होता आणि त्यातले दोनतीन जण आत येऊन डॉक्टरांना नाडी दाखवून गेले. पुढच्या बाजाराला ओटी भरली.

मी मात्र चिडले होते. मुंबईचं काय, असं त्यांना विचारलं. ते त्याच न सुटलेल्या पेन्सिलीने टेबलावर एक बारीक रेघ काढत होते, खाली थेंब असलेली. म्हणाले, "माझी शीर असती तर मीही दिली नसती, बाई." आणि पेटीतलं नवं धोतर काढून नेसले.

काही वर्षांनी ते थकले आणि पुण्याला भाच्याकडे राहायला गेले. डोळे गेल्याचं आम्हाला कळलं. मी आणि चिमा भेटायला गेलो, बरोबर तिची मुलगीही होती, चांगली शेळ्या वळण्याएवढी झालेली. डॉक्टर खिडकीशी बसले होते. जीभ आता सगळ्यांसारखी होती, ते मला बघवेना. मी काही न बोलता त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी माझा हात पालथा केला, अंगठा करंगळीखाली फिरवला आणि म्हणाले, "या बाई. बसा."

मग चिमाने फडक्यातून काच काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी कडा चाचपल्या. पूर्वीच्या सवयीने ती दोन्ही हातांनी उचलून खिडकीच्या उजेडाकडे धरली आणि तोंड वर करून तशीच धरून राहिले. त्यांना काय दिसत होतं? उजेडही दिसत नसेल.

"आहे ना जागेवर?" त्यांनी विचारलं.

"हाय," चिमा म्हणाली. "हलली न्हाई."